मुदत संपलेल्या फिल्मवरचा आंबा

बँकेत माझं काम सह्या जुळवण्याचं. चेकवरची सही एका बाजूला, नमुन्याची सही दुसऱ्या बाजूला, आणि समोरचा माणूस लबाड आहे असं आधी धरून चालायचं. तो खरा निघाला तर ठीक. इतकी वर्षं हे केल्यावर तो स्वभाव संध्याकाळी खुंटीला अडकवून घरी येता येत नाही. भाजीवालीनं वरची वांगी चकचकीत लावली असली की माझा हात आपोआप खालच्या थरात जातो. डॉक्टर हसून बोलले की मला वाटतं, रिपोर्ट वाईट आलाय. आप्पा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांना सांगत असतात, "हिला दवाखान्यातनं आणताना हिच्या आईनं दोनदा इचारलं हुतं, ही नक्की आमचीच हाय का म्हणून. तवापासनं शिरलंय ते हिच्यात."

आप्पा स्वतः काही कमी नाहीत, पण त्यांचा संशय पाण्यावर. मूळचे करकंबचे, आणि सगळी नोकरी सोलापुरात पाणी सोडण्यात गेली. लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. कोण मोटर लावून ओढतं, कुणाची टाकी भरून वाहते, हे त्यांना चालता चालता कळायचं. आमच्याकडं नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात पाहुणा आल्यासारखी धावपळ असते, आणि आप्पा त्या दिवशी कुणाशी धड बोलत नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. थेंब सांडला तर ते सांडणाऱ्याकडं असं बघतात की हात थरथरून आणखी सांडतं.

दारातला आंबा आईनं लावला. तिचं माहेर दुधनीचं. तिथल्या परसातली कोय तिनं पदरात बांधून आणली आणि कुंपणाच्या कडेला पुरली. झाडाशी ती कानडीत बोलायची, आम्हाला कळू नये म्हणून. ती गेली, आणि आप्पांनी रोज सकाळी झाडाला पाणी घालायचं काम आपल्याकडं घेतलं. गुडघे दुखतात, वाकवत नाही, पण बादली दुसऱ्या कुणाला उचलू देत नाहीत. पाणी घालून झालं की बुंध्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहतात. मी आतून बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

गेल्या वर्षी त्या आंब्याच्या पानांची टोकं करपायला लागली. मोहोर नावाला आला आणि गळला. लांबून झाड हिरवंगार, जवळ गेलं की काहीतरी बिनसलेलं. शेतीतलं कळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मोबाईलवर फोटो पाठवला तर म्हणाला, ऊन लागलं असेल. सोलापुरात कशालाही ऊन लागलं म्हणता येतं. मला त्याचं पटलं नाही, कारण मला ठाऊक होतं की हे कुणीतरी करतंय. कोण, तेही ठाऊक होतं.

आमच्या शेजारी टॉवेलचा कारखाना आहे. मालक घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आमच्याशी मराठी. ते मला अक्का म्हणतात आणि मी त्यांना अण्णा, त्यामुळे आमच्यात मोठं कोण हे आजवर ठरलेलं नाही. आंब्याच्या अर्ध्या फांद्या त्यांच्या बाजूला जातात. त्यांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवलं आणि थोड्याच दिवसांत म्हणाले, "अक्का, आंबा जरा कमी करायचा का? सावली पडते की." मी म्हटलं, बघू. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. माणूस एक गोष्ट मागतो आणि पुन्हा तिचं नावच घेत नाही, हे मला फार खटकलं.

बुंध्याला भोक पाडून आत हिंग भरला की झाड आतल्या आत मरतं, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. करताना पाहिलेला माणूस मात्र भेटत नाही. एका सकाळी मी बुंध्याला नाक लावून वास घेत फिरले. दोन बारीक भोकं सापडली. तेवढ्यात वरून अण्णांचा आवाज आला, "काय शोधायलाय अक्का?"

"काही नाही, मुंग्या," मी म्हटलं.

हिंगाचा वास आला नव्हता. पण हिंगाचा वास उडूनही जातो.

आप्पांना मी एवढंच सांगितलं की शेजारच्यांवर लक्ष ठेवा. त्या दिवसापासून अण्णा दिसले की ते बादली अंगाजवळ धरायला लागले. आंबा गेला तर आप्पांचं काय होईल, हा विचार मी अर्ध्यावरच सोडून द्यायची. मला पुरावा हवा होता.

फिल्मवर फोटो काढायचं वेड मला पहिल्या पगारापासून. मोबाईलचा फोटो कुणीही हवा तसा करून देतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास नाही. एका विशिष्ट रंगीत फिल्मबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. आपल्या डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा उजेड तिला दिसतो. जिवंत पान हा उजेड भरपूर परत फेकतं, म्हणून त्या फिल्मवर झाडं लालभडक येतात. हिरवा रंग दिलेली भिंत किंवा हिरवं कापड मात्र लाल होत नाही. झाडोऱ्याखाली लपलेलं सैन्य विमानातून शोधायला ही फिल्म काढली म्हणे, आणि नंतर पिकांचे रोग बघायला वापरली. झाड आपल्याला हिरवं दिसत असतानाच ते आतून खचलेलं असेल तर फिल्मवर फिकं पडतं. वाचताना मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्यासारख्याच स्वभावाच्या माणसानं हे शोधून काढलंय. आता ती बनत नाही. मिळाली तर जुनी, मुदत संपलेली.

नवी पेठेत कापडाच्या दोन दुकानांच्या मधून एक अरुंद जिना वर जातो. तिथं एक म्हातारा स्टुडिओवाला आहे, हल्ली पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन करतो. मी चौकशी केली तर त्यानं थंड पेयांच्या फ्रीजचा वरचा कप्पा उघडला आणि बर्फात रुतलेली दोन खोकी पेचकसानं उकरून काढली. पिकांचा अभ्यास करणाऱ्या कुणा प्राध्यापकानं मागवली होती, न्यायला आलाच नाही, असं म्हणाला. मागवून न्यायला का आला नाही, हे मी विचारलं. "ते मला म्हाइत असतं तर मीच नेऊन दिली नसती का?" तो म्हणाला.

"लाईट जाते तेव्हा फ्रीज बंद असतो ना?"

"लाईट गेली की सगळ्या पेठेची जाते, मॅडम. माझ्या फ्रीजला वेगळी कुठनं आणू?"

"आणि खोक्यात हीच फिल्म आहे कशावरून?"

"उघडून बघा की. पण आधी विकत घ्या."

मग त्यानं समजावलं. ही फिल्म डबीतून काढायची ती मिट्ट काळोखात. साध्या फिल्मला चालतो तेवढा उजेडसुद्धा हिला सोसत नाही, डबीचं झाकण उघडलं की गेली. म्हणजे घ्यायची ती वस्तू बघता येणार नाही, आणि बघितली तर बघण्यासारखं काही उरणार नाही. माझ्यासारखीला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, तो माझ्याकडं. खोक्यावरचा डिंक एका कोपऱ्यात सुटलेला होता. "बर्फानं सुटलाय," तो मी विचारायच्या आधीच म्हणाला, आणि त्यामुळं मला आणखीच संशय आला. तरी दोन्ही घेतली. लेन्सवर लावायची पिवळी काच त्यानं वरून दिली. आपण होऊन वरून काही देणारा दुकानदार मी सोलापुरात पहिल्यांदाच पाहिला.

न्हाणीघराच्या खिडकीला एक चादर ठोकली आणि आणखी दोन चादरी डोक्यावरून घेऊन मी भर दुपारी आत बसले. घामानं बोटं घसरत होती. बाहेरून आप्पा म्हणाले, "काय चाललंय आत?"

"फिल्म घालतेय, आप्पा."

"अंधारात कुणी चांगलं काम करतं व्हय?"

दुसऱ्या सकाळी फाटकातून आंब्याचे फोटो काढले. फिल्म जुनी, किती उजेड द्यायचा याचा भरवसा नाही, म्हणून तोच फोटो कमी-जास्त उजेडात पुन्हा पुन्हा काढला. दारावरचं प्लॅस्टिकच्या हिरव्या पानांचं तोरण घेतलं, अण्णांच्या गच्चीवरची हिरवी जाळी घेतली, पारखून बघायला. रोल कुरियरनं पुण्याच्या लॅबला गेला. पाकिटावर मी तीन भाषांत लिहिलं की उघडू नका. लॅबवाल्याला इतक्यांदा फोन केला की शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच येऊन धुता का?"

रोल धुऊन आला. या फिल्मवर निगेटिव्ह नाही, सरळ फोटोच उमटतो; एकेक चौकट मी खिडकीच्या उजेडाला धरली. तोरण निळं आलं होतं. अण्णांची जाळीही निळी. कुंडीतला गवती चहा लाल. म्हाताऱ्यानं फसवलं नव्हतं, आणि हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला. मग आंबा बघितला. अण्णांच्या बाजूचा अर्धा आंबा गडद लाल, बघत राहावा असा. आमच्या बाजूचा अर्धा फिका, मळकट गुलाबी, आणि काही शेंड्यांना तेवढाही रंग नव्हता.

झाड खरंच मरत होतं. आणि दुसऱ्या क्षणाला मला वाटलं, अण्णा हुशार आहेत. स्वतःच्या बाजूनं केलं असतं तर पकडले गेले असते, म्हणून आमच्या बाजूनं केलंय.

पण सही एका नमुन्यावर कधी जुळवायची नाही. फिल्मचीच एक बाजू नासलेली असेल तर? बर्फात पडून पडून एका कडेचा रंग गेला असेल तर? खात्री करायची तर तेच झाड उलट्या बाजूनं घ्यायला हवं, म्हणजे फिका भाग चौकटीच्या दुसऱ्या कडेला जाईल. उलटी बाजू म्हणजे अण्णांच्या गच्चीचं मागचं टोक.

मी दार वाजवलं. झाडाचा फोटो वरून काढायचाय म्हटलं. "या की अक्का, विचारायलाय काय?" म्हणत ते पुढं झाले. त्यांच्या जिन्यात सुताचा वास होता आणि खालून मागांचा खडखडाट पायात जाणवत होता. गच्चीवर गेल्या गेल्या मी पॅनेल शोधलं. ते जागेवर नव्हतं. पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला नेलेलं होतं, आणि जुन्या जागी सिमेंटमध्ये बोल्टची भोकं तेवढी राहिली होती.

"पॅनेल हलवलं?" मी विचारलं.

"कधीच की. तुमाला तसं बोललो आणि घरात बायकोनं जेवायला वाढलं नाही. म्हणाली, त्यांच्या आईनं लावलेलं झाड, तुमची जीभ कशी उचलली? आमचे कामगार त्याच सावलीत डबा खातात."

"आणि बुंध्याला ती भोकं?"

"मुलीच्या लग्नात माळ लावली होती, लायटीची, खिळे ठोकून. तुमच्या आईच म्हणाल्या होत्या, माझ्या झाडाला पण लाव." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मुंग्या गेल्या काय, अक्का?"

मला राग आला. त्यांचा नाही, काही धरून ठेवायलाच उरलं नाही याचा. इतके दिवस गुन्हेगार म्हणून जपलेला माणूस हातातून निसटला होता. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. पिवळ्या काचेतून खाली आंबा, कुंपण, आमचं अंगण, आणि बादली घेऊन निघालेले आप्पा. दुखऱ्या गुडघ्यांनी ते कुंपणाला वळसा घालत नाहीत, आमच्याच बाजूला नेहमीच्या जागी थांबतात. ते वाकले तेव्हा मी खटका दाबला.

दुसरा रोल आला. या वेळी फिकी बाजू चौकटीच्या दुसऱ्या कडेला होती, म्हणजे फिल्म निर्दोष होती. फिका भाग होता तो आमच्याच बाजूचा. त्याच्या बरोबर खाली आप्पा वाकलेले, आणि त्यांच्या पायाजवळची माती बाकीच्या मातीपेक्षा पांढरी.

मी चौकट हातात तशीच घेऊन अंगणात गेले. मातीवर खरंच पांढरा पापुद्रा होता. रोज तिथून जात होते, पण माझे डोळे कायम कुंपणापलीकडं. परत येऊन स्वयंपाकघरातल्या बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट, मागून कडवट.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना मुतखडा झाला तेव्हा आम्ही पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. आमचं बोअरचं पाणी जड. मशीन गोड पाणी एका नळीतून देतं आणि त्यातला सगळा खार दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं. ते टाकाऊ पाणी मोरीत वाहून जाताना बघून आप्पा दोन दिवस नीट जेवले नव्हते. "त्या पान्यानं काय पाप केलंय?" म्हणाले, आणि नळीखाली बादली लावली. आयुष्यभर गावाला पाणी पोचवलेला माणूस एक थेंब वाया कसा घालवणार? ते सगळं त्यांनी आईच्या आंब्याला दिलं. रोज, न चुकता, बुंध्यावर हात ठेवून.

हे त्यांना कसं सांगायचं? बँकेत मी माणसाच्या तोंडावर सांगते की ही सही तुमची नाही. इथं माझी जीभ रेटेना. न सांगावं, नुसती नळी मोरीत सोडावी, तर ते पहिल्याच दिवशी विचारतील पाणी कुठं गेलं.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोटो मागितले. खिडकीशी उभं राहून, चष्मा वर करून, पहिल्या रोलची चौकट बघितली, मग दुसऱ्या रोलची, मग पुन्हा पहिली. "लई लाल झालंय की," म्हणाले, आणि तिचं नाव न घेता, "तिनं बघायला पायजे हुतं." मग बोट ठेवलं. "हे हितं फिकं कशानं?"

त्यांनी खिडकीतून अण्णांच्या घराकडं बघितलं. "त्यानंच कायतरी केलंय न्हवं?"

ते मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. नाही म्हणावं तर मग कोण, हा प्रश्न येणार. हो म्हणावं तर बायकोनं उपाशी ठेवलेला आणि पॅनेल हलवलेला माणूस विनाकारण चोर ठरणार. "फिल्म जुनी आहे, आप्पा," मी म्हटलं. "मुदत संपलेली. अशा फिल्मला डाग पडतात."

सगळ्या प्रकरणात एकाच गोष्टीनं पहिल्यापासून खरं सांगितलं होतं, आणि मी तिलाच खोटं ठरवलं.

आप्पांनी दोन्ही चौकटी शेजारी शेजारी धरल्या, मी सह्या धरते तशा. "एक फोटू हिकडनं काडलाय, एक तिकडनं. फिल्मचा डाग झाडाच्या मागं मागं फिरतो व्हय?"

त्यांनी चौकटी टेबलावर ठेवल्या आणि आत गेले. थोड्या वेळानं मी स्वयंपाकघरात डोकावले. ते मशीनपाशी उभे होते, नळीच्या टोकाला बोट लावून, आणि ते बोट जिभेवर होतं. मी मागे सरले. जेवताना ते वाटीतल्या आमटीकडं बघत होते, आणि मीही.

सकाळी उठले तर बादली अंगणात पालथी घातलेली होती. आप्पा खाटेवर बसून होते, पाठ खिडकीकडं. चहा तसाच निवलेला.

"आजपास्नं तू घालत जा," म्हणाले. "माझ्या हातानं नको त्याला."

"आप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"म्हाइत न्हवतं म्हणून त्येला कमी लागलं व्हय?" त्यांचा आवाज फाटला. आई गेली तेव्हाही तो असा फाटला नव्हता.

त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. आलं तेव्हा मी घरातलं काहीच भरलं नाही, पिंप नाही, हंडे नाहीत. आधी ती बादली सुलटी केली आणि नळाखाली लावली. भरल्यावर ती दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर नेऊन ठेवली. "तुम्हीच घाला," मी म्हटलं. "आता तिकडची माती धुवायला पुष्कळ पाणी लागेल, मला एकटीला जमणार नाही."

ते उठले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि पाण्यात बोट बुडवलं. जिभेला लावलं. माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा एकदा बुडवून लावलं. मगच बादली उचलली आणि आंब्याकडं निघाले.